गाडीला पाजलेली खळ

परवा आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी दारात आणून उभी केली. मी नारळ ओवाळला, कुंकू लावलं, आणि जुन्या सवयीनं विचारलं, "पाण्याचा कॅन कुठं ठेवणार रं?" तर तो आणि सूनबाई एकमेकांकडं बघून हसायला लागले. "आई, हिला पाणी घालायचं नसतंय. कूलंट असतंय." त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. कोपऱ्यात एक पांढुरकी बाटली, तिच्यात वाळ्याच्या सरबतासारखं हिरवंगार काहीतरी, आणि बाटलीवर दोन रेघा. याच्या वर नको, याच्या खाली नको. "आणि साधं पाणी घातलं तर?" मी विचारलं. "बिघडतंय गं. तुझ्या काळासारखं न्हाय आता, वाट्टेल ते ओतायला." वाट्टेल ते ओतण्याबद्दल मला शिकवणारा हा कोण! आमच्या घराण्यात गाडीत काय ओतलं गेलंय ते वडगावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अजून पाठ आहे. फक्त त्यांना जे पाठ आहे ते खरं नाही.

आमचं घर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या सोप्यात माग, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत उरलेल्या जागेत आम्ही. आप्पा, आई, अण्णा, आक्का आणि शेंडेफळ मी. उजाडायच्या आत खटक-खटक सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. पाहुणे म्हणायचे, या गोंगाटात झोप कशी लागते तुम्हाला? आमचं उलटं होतं. करंट गेला, गल्लीतले पॉवरलूम थांबले, की आम्ही दचकून जागे व्हायचो. आई चुलीपुढं बसून ओरडून बोलायची, आम्ही ओरडून उत्तर द्यायचो, आणि गावाला पाहुणे म्हणून गेलो की तिथंही ओरडायचो. "वडगावची आली वाटतं," असं मावशी दारातूनच ओळखायची. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की सूनबाई तिकडच्या खोलीचं दार हळूच लोटून घेते. घेऊ दे.

आप्पा हातमागावर सुती साड्या विणायचे. चांगल्याच विणायचे, पण गल्लीत त्यांचं नाव होतं ते खळीसाठी. सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावावी लागते. तांदळाची पातळ पेज शिजवायची, फडक्यातनं गाळायची, आणि धाग्याला चोपडायची. पातळ झाली तर धागा तुटतो, घट्ट झाली तर एकमेकाला चिकटतो. आप्पा पातेल्यात बोट बुडवायचे, अंगठ्यावर चोळायचे आणि सांगायचे, "आणि एक तांब्या पाणी." बस्स. तो एक तांब्या कधी चुकला नाही. शेजारपाजारचे आपली खळ वाटीत घेऊन आमच्या दारात यायचे. "आप्पा, बोट लावा की जरा." डोळ्यांवर पट्टी बांधली तरी आप्पा खळ ओळखतील, असं लोक म्हणायचे, आणि आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करून मिशीत हसायचे. गर्व होता हो त्यांना. का नसावा?

गाळून उरलेली पातळ खळ तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवायची पद्धत होती. पाणीही तसल्याच कॅनमध्ये. एकदा आईनं घाईत खळीचा चहा केला, आणि त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी तो लाजेकाजेस्तव प्यायला. तेव्हापासून घरात कायदा झाला. खळीच्या कॅनच्या मुठीला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे खळ, दोरा नाही म्हणजे पाणी. शेंबड्या पोरालाही समजेल असा कायदा. पण कायदा करून भागतंय होय? घरात माझ्यासारखी धांदरट पोरगी असली म्हणजे झालं.

त्यात आप्पांना गाडीचं वेड लागलं. शहापुरातल्या एका डॉक्टरांनी त्यांची जुनी पांढरी गाडी विकायला काढली आणि आप्पांनी ती घेतली. डॉक्टरला रोगी कळतो, आणि डॉक्टर ती विकतोय, एवढ्यावरनंच काय ते समजायला हवं होतं. गाडी धडधाकट दिसायची, चालायचीही झोकात, पण तहान! रेडिएटर कुठंतरी झिरपायचा. शहापूर ते खडेबाजार जाऊन आली तरी तिला घोटभर पाणी लागायचं. गल्लीनं तिचं नाव "म्हस" ठेवलं. आप्पा बाहेर निघाले की समोरच्या कट्ट्यावरनं हाक यायची, "म्हशीला पाणी दावलासा काय?" गाडी अण्णा चालवायचा. कुणीतरी त्याला सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोकं बुजतात. त्यानं आईच्या डब्यातली मूठभर हळद टाकली. झिरपणं थोडं कमी झालं, आणि गाडी उकळली की लग्नघरातल्यासारखा वास सुटायला लागला. पाणी घालायचं काम माझ्याकडं. मला ते आवडायचं. ओलं फडकं टाकून झाकण अर्धं फिरवायचं, वाफेला जाऊ द्यायचं, इंजिन हळू चालू ठेवून मग नरसाळ्यातनं पाणी सोडायचं. कॉलेजात जाणारी पोरगी रस्त्यात उभी राहून गाडीला पाणी पाजतेय, हे बघायला सायकली थांबायच्या. थांबेनात का!

अशात आक्काला पत्र आलं. निपाणीतल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा. अमुक दिवशी सकाळी अकराच्या आत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हावं, न झाल्यास यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल. आक्कानं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. आमच्या सात पिढ्यांत मागाशिवाय कुणी काही केलं नव्हतं. मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता गुडघ्यावर पुस्तक ठेवून ती शिकली होती. तिच्या लग्नाचं बघा म्हणून मागं लागलेल्या आत्याला आप्पांनी एकदाच सांगितलं होतं, "आधी ती मास्तरीण व्हणार. मग बघू." आणि आता ते व्हायची वेळ आली होती. अकराचा ठोका, बस्स.

आक्का म्हणाली, "आप्पा, सकाळी सहाची बस हाय. आरामात पोचतो."

आप्पांना तो अपमानच वाटला. "गाडी दारात असताना माझी लेक बसमधी चेंगरून जाईल व्हय? साडीची घडी मोडून, घामाघूम होऊन? न्हाय. शाळेच्या दारात गाडीतनं उतरायचं. बघू देत हेडमास्तर."

"आप्पा, पण म्हस..." मी तोंड उघडलं.

"तू गप. दोन कॅन पाणी घे संगं."

झालं. आदल्या संध्याकाळी घरात नुसती धांदल. आईनं भाकऱ्या, शेंगाचटणी, आणि हेडमास्तरांना द्यायला कुंद्याच्या मिठाईचा डबा बांधला. आक्का प्रमाणपत्रं एका पुठ्ठ्याच्या फाइलीत लावत होती आणि फाइलीची नाडी तुटली. "सुमे, काहीतरी बांधायला आण गं!" मी इकडं तिकडं बघितलं. विणकराच्या घरात दोऱ्याला काय तोटा? पण नेमका त्या घटकेला हाताशी आला तो मोरीजवळच्या कॅनच्या मुठीचा लाल दोरा. म्हटलं, लाल आहे, शुभ आहे. सोडला, फाइलीला गुंडाळला आणि आमची विणकरांची पक्की गाठ मारली. आक्का खूश झाली. कॅनला दुसरा दोरा बांधायचा हे माझ्या डोक्यातनं साफ गेलं. सकाळी मोरीजवळचे दोरा नसलेले दोन कॅन मी उचलले आणि डिकीत ठेवले.

आई घरी राहिली, आम्ही चौघं निघालो सात वाजता. वाटेत कुणीकुणी हात दाखवून थांबवलं, आप्पांनी प्रत्येकाला सांगितलं, "लेकीला शाळेत सोडाय चाललोय," आणि लोकांना आधी वाटायचं हातात पाटी घेतलेली कुणी बारकी पोर असेल. काकती गेली, वंटमुरीचा घाट गाडीनं धापा टाकत काढला. हत्तरगीला थांबून पहिल्या कॅनमधलं पाणी घातलं, अर्धा तास गार होऊ दिली. मग टायर बसला. अण्णानं तो बदलला, तेवढ्यात आणखी वेळ गेला. संकेश्वरात चहाला थांबलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि आक्काच्या कपाळावर आठी दिसायला लागली होती. बाकीचे चहा पीत होते, मी दुसरा कॅन काढला. शेजारी निपाणीची बस उभी होती, मी तिच्याकडं बघत, तोंडात भाकरीचा तुकडा, कॅन उपडा केला. पाणी नरसाळ्यात पडताना कसं डबडब बोलतं. हे गुपचूप गेलं. मला क्षणभर वाटलं, आज आवाज कसा नाही? तेवढ्यात अण्णानं हॉर्न वाजवला आणि मी झाकण लावून टाकलं. आतलं पाणी हळदीनं पिवळं गढूळ होतंच, त्यात काय मिसळलं ते कुणाला दिसणार?

तवंदीच्या घाटात गाडी बसली. नेहमी वाफ यायची, आज बॉनेटच्या फटीतनं फेस यायला लागला. पांढरा, पिवळसर, फसफस करत बंपरवर उतू गेला. अण्णानं बॉनेट उघडलं आणि डोकं खाजवलं. "असं कधी न्हाय झालं. गार होऊ दे अर्धा तास, मग पाणी घालू आणि निघू." दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आप्पांनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून तपकिरीची चिमूट ओढली. आक्का म्हणाली, "आप्पा, मी कुणाच्यातरी गाडीतनं पुढं जातो." आप्पा म्हणाले, "परक्या गाडीतनं? काय गरज न्हाय. गार व्हईल ती. निपाणी काय लांब हाय?" आणि तेवढ्यात वारा फिरला आणि तो वास माझ्या नाकात शिरला. भात उतू गेल्याचा वास. हळदीच्या भाताचा नव्हे. आमच्या घरच्या, फडक्यातनं गाळलेल्या खळीचा. आप्पांचं नाक तपकिरीनं केव्हाच बाद झालं होतं, अण्णाला पेट्रोलशिवाय कशाचा वास कळायचा नाही. मला कळला. आणि समोर आक्का फाइल छातीशी धरून उभी होती, फाइलीवर लाल दोरा.

आप्पा मारायचे नाहीत. ते बोलणं बंद करायचे, आठ-आठ दिवस. त्यापेक्षा मार परवडला असता. गप्प राहिले असते तर गाडी गार झाली असती, पाणी घातलं असतं, पुन्हा उकळली असती, आणि कुणालाच कधी कळलं नसतं. म्हस बिघडली, एवढंच लोक म्हणाले असते. खोटं कशाला सांगू, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पूर्ण एक मिनिट होता तिथं. मग आक्कानं पदरानं घड्याळाची काच पुसली.

"आप्पा," मी म्हटलं, "गाडी गार झाली तरी न्हाय चालायची."

"का? तू मेस्त्री झालीस व्हय?"

"मी संकेश्वरात पाणी न्हाय घातलं. खळ घातली. चुकून." आणि रडू फुटलं.

अण्णा "आई गं!" म्हणून खालीच बसला. आप्पा उठले, गाडीजवळ गेले, बंपरवरच्या फेसात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. "माझीच हाय," एवढंच बोलले. पुढच्या क्षणी ते धोतराचा सोगा सावरत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. येणारा ट्रक करकचून ब्रेक लावून थांबला. परक्या गाडीचं ते सगळं कुठल्या कुठं गेलं. ट्रकमध्ये तंबाखूचे बोद, म्हणजे भलीमोठी गाठोडी, होते, ड्रायव्हर कानडी, खांद्यावर पंचा टाकलेला. आप्पांनी दोन वाक्यांत कानडीत सांगितलं. मुलगी, शाळा, अकरा वाजता. त्यानं वर बसलेल्या दोघांना मागं बोदांवर पाठवलं, पंचानं सीट झटकली आणि आक्काला म्हणाला, "बर्री टीचर, बर्री!" या बाई, या. तिला टीचर म्हणणारा हा जगातला पहिला माणूस. आप्पांनी तोंड फिरवलं आणि उगीचच मिशा पुसल्या. अण्णा गाडीपाशी राहिला, आम्ही तिघं चढलो.

शाळेच्या दारात आम्ही गाडीतनंच उतरलो, फक्त ती दहा चाकांची होती. अख्खी शाळा खिडक्यांत आली. कचेरीत अकराला दहा कमी, आणि बाकावर यादीतलं पुढचं नाव वडिलांसकट बसलेलं, नजर घड्याळाला चिकटलेली. आक्का हेडमास्तरांपुढं उभी राहिली. हेडमास्तर तीनदा शिंकले. "बाई, तंबाखूच्या वखारीतनं आलात काय?" सगळे हसले, आक्कासुद्धा हसली आणि फाइल सोडायला गेली तर गाठ सुटेना. माझी पक्की गाठ! ती ओढतेय, गाठ आणखी आवळतेय, घड्याळ चाललंय. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा आप्पा पुढं झाले. आयुष्यभर हजारो गाठी सोडवलेली ती बोटं. एक पीळ उलटा दिला आणि दोरा हातात आला. ते त्या दोऱ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. कॅनला काय झालं, कसं झालं, सगळं त्यांना त्या वितभर दोऱ्यात दिसलं असणार. दोरा कोटाच्या खिशात घातला. आक्काची सही अकराच्या आत झाली.

मग आप्पा आणि मी गावातून एक मेस्त्री शोधून घाटात परत गेलो. वाटभर आप्पा बोलले नाहीत आणि मी मनात आठ दिवस मोजायला सुरुवात केली. मेस्त्रीनं रेडिएटरची खालची तोटी सोडली तर आधी काहीच आलं नाही, मग पिवळं घट्ट पिठलं बदकन जमिनीवर पडलं. मेस्त्री मागं सरकला. त्यानं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं, आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. "कुठल्या शहाण्यानं घातलं ओ हे?"

"मी," आप्पा म्हणाले. "पाणी समजून घातली. वयामुळं दिसत न्हाय आता."

अण्णानं तोंड उघडलं, आप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. मेस्त्री हसून हसून बेजार. विणकर, आणि खळ कळत नाही! दोन दिवस त्यानं गाडी धुतली, आणि त्या दोन दिवसांत गोष्ट गाडीच्या आधी वडगावात पोचली. कट्ट्यावरनं नवी हाक सुरू झाली. "आप्पा, म्हशीला पेज पाजलासा म्हणं?" ज्या माणसाचं बोट बघून गल्ली खळ शिजवायची, त्याला आता पोरंटोरं विचारायला लागली, आप्पा, हे पाणी का खळ? काही घरांनी वाटी घेऊन येणं बंद केलं. मी एकदा रडत रडत म्हटलं, मी सांगते सगळ्यांना खरं काय ते. आप्पा मागावरनं न उठता म्हणाले, "काय सांगतीस? तू घाटात सांगितलीस ते बास हाय. तितं सांगाय पायजे होतं, तितं सांगितलीस. गाडीनंच जायचं ही हौस माझी होती. मी असोस्तर तोंड उघडायचं न्हाय." आणि मागाचा धोटा पुन्हा इकडून तिकडं पळायला लागला. त्या आवाजात पुढचं बोलणं कुणाला ऐकू जाणार?

आक्का त्याच शाळेत वर्षानुवर्षं राहिली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. आता गुडघे धरून बसते आणि माझ्याशी ओरडूनच बोलते. आप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात समोरचे एक म्हातारे बघायला आले, त्यांनाही राहवलं नाही. "आप्पा, गाडीत खळ घातल्याली आठवती काय ओ?" आप्पा उशीवरनंच हसले. "आठवती की. लेक वेळेत पोचली न्हवं?"

ते होते तोवर मी गप्प राहिले, ते ठीक. पण त्यांच्यामागं मी गप्प राहिले ती निव्वळ लाजेनं, आणि त्याची मला आज लाज वाटते. परवा मुलानं त्या हिरव्या बाटलीवर टिचकी मारून म्हटलं, "बरं झालं आजोबा न्हाईत, न्हायतर हिच्यातबी खळ घातली असती." सूनबाई हसली, तोही हसला. मी त्याला हाताला धरून आत आणला, समोर बसवला आणि हे सगळं त्याला पहिल्यापासून सांगितलं. माझ्या वडगावच्या आवाजात सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं. तुझ्या आजोबांनी आयुष्यात एकदाही खळ आणि पाणी यांत गफलत केली नाही. गाडीत खळ घातली ती मी.